मांडी, पोटरी, उंबरठा

१५ जून २०२५, रविवार

प्रयोगशाळेच्या कपाटात एक कोरी प्रयोगवही सापडली. डावं पान कोरं, उजवं रेघांचं. डाव्या पानावर मोजमापं आणि उजव्या पानावर बाकीचं लिहायचं ठरवलं.

उद्देश : वजन उचलण्याच्या व्यायामाने बाईच्या पायांचा आकार बदलतो का, ते पाहणे.

उजवी मांडी, गुडघ्याच्या वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर, ५१.२. डावी ५०.८. पोटरी सर्वांत जाड जागी उजवी ३३.४, डावी ३३.१. वजन ५८.६ किलो. वय ४६.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. शिक्षिका नाही, पण अकरावी-बारावीच्या वह्या मीच आधी तपासते. उद्देश आधी लिहा, निष्कर्ष शेवटी लिहा, आणि नोंद चुकली तर खोडरबर लावू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर नोंद करा, हे वीस वर्षं सांगत आले आहे.

व्यायाम का सुरू करते आहे तेही लिहायला हवं. थायरॉईड आहे, डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे खरं आहे. डॉक्टरांनी ते तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, हेही खरं आहे.

घरी आम्ही तिघं. मी, माझा नवरा विश्वेश आणि त्याची आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा पाय अधू झाला, तरी धरून चालायच्या. मागच्या डिसेंबरात देवाची पालखी वाडीत आली त्या दिवशी त्या पुढच्या दाराच्या उंबरठ्यात घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण त्या खाटेवरून उठलेल्या नाहीत. कामाला ठेवलेली लक्ष्मी दिवसभर त्यांच्याकडे असते, संध्याकाळी साडेसहाला जाते. लक्ष्मी आणि विश्वेश त्यांना उचलतात. माझा हात त्या लागू देत नाहीत.

१८ जून

मांड्या दुखतात. प्रयोगशाळेच्या तीन पायऱ्या कठडा धरून उतरले. हे दुखणं माझं आहे, एवढं नक्की कळतं. बाकी कशाबद्दल हल्ली तसं खात्रीने सांगता येत नाही.

२२ जून, रविवार

मोजमापात फरक नाही. आठवड्यात पडणारही नाही.

जिम म्हणजे मालवणात बाजारामागे एक लांबट गाळा. संध्याकाळी पाच ते सहा फक्त बायका. शिकवणारी नम्रता सत्तावीस वर्षांची आहे, जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. आम्ही सहाजणी. माझ्या शेजारी सुशीला उभी राहते. तिची किनाऱ्यावर खानावळ आहे.

पहिल्याच दिवशी सुशीलाने विचारलं, "नम्रता, खरा सांग. ह्या करून पाय बाप्यासारखे जातले काय गो?"

"नाय जायत, काकी. बायकांच्या अंगात तेवढं हार्मोनच नसतं. मी दहा वर्षं करतंय, माजे पाय बघा."

"तुजे बघून काय करू? तुका लग्न करूचा आसा. माजो घोव म्हणता, तुज्यो मांड्यो दगडासारख्यो झाल्यो तर माका लाथ मारशीत. मी म्हटलंय, ती माका आतापण मारूक येता."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. आरशात पाहिलं तेव्हा तोंड मिटलेलं होतं.

नम्रताने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय हवंय? वजन कमी? गुडघे?"

मी म्हटलं, "आकार बदलतो का ते पाहायचंय."

तिने मला खुर्चीवर वीस वेळा बसवलं आणि उठवलं. अठराव्या वेळी माझे पाय थरथरायला लागले. तो थरथराट मी ओळखला. याबद्दल आज एवढंच.

२९ जून, रविवार

टेपची तपासणी केली. शिवणाची कापडी टेप ताणली जाते. प्रयोगशाळेच्या मीटरपट्टीला लावून पाहिली तर टेपवरचे शंभर म्हणजे खरे १००.८ निघाले. आधीचे सगळे आकडे चुकीचे. पंधरा जूनचे आकडे एका रेघेने खोडून शेजारी दुरुस्त केले : ५१.६, ५१.२, ३३.७, ३३.४.

संध्याकाळी विश्वेशने वही पाहिली आणि विचारलं, "ह्या काय?"

"पायांचं माप."

"बरा," म्हणाला आणि टीव्ही लावला. त्याने कारण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा नंतर बराच विचार केला.

१३ जुलै, रविवार

लक्ष्मी आली नाही. आईंच्या पायांना तेल मी लावलं. उचलू देत नाहीत, पण तेलाला नाही म्हणाल्या नाहीत.

टेप खिशातच होती. विचारलं, "आई, माप घेऊ?"

"शिवतलस काय माका? घे."

उजवी पोटरी २४.९, डावी २४.५. दुरुस्तीसह. डावीची कातडी हाडावरून बाजूला सरकते.

"कितकी भरली?"

मी आकडा सांगितला.

"माका बघूक इले तेव्हा," त्या छपराकडे बघत म्हणाल्या, "सासू म्हणाली, बावीरसून कळशी घेवन ये गो चेडवा. आमच्या बावीक अकरा पायऱ्यो. माका वाटला, पाणी कसा आणतंय ता बघता. ती पाणी बघीच नाय. पाठसून माजे पाय बघी होती. जाताना माज्या बापाशीक म्हणाली, रूप ऱ्हवांदे, पोटरी बरी आसा, चिखलात उभी रवात."

"मग?"

"मगे काय? रवलंय उभी. चाळीस वर्सां भाताची लावणी केलंय." मग स्वतःच्या पायाकडे मान वळवून, "आता बघ, काट्यो झाल्यो."

वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. वाटलं नाही. बाटलीचं झाकण लावलं आणि हात धुतले.

२७ जुलै, रविवार

सहा आठवडे झाले. मांडी ५१.५ आणि ५१.२. पोटरी तेवढीच. म्हणजे काहीच नाही. पण पहिल्या दिवशी खुर्चीवरून अठरा वेळा उठताना थरथरत होते, आणि आज खांद्यावर वीस किलोची दांडी घेऊन दहा-दहाच्या तीन फेऱ्या केल्या.

आकार तोच, ताकद जास्त, हे कसं? नम्रताला विचारलं.

"सुरुवातीला पाय नाही वाढत, मॅडम. डोकं शिकतं. स्नायू आधीच असतात तुमच्याकडे, पण निम्मे वापरातच नसतात. ते एकत्र कामाला लागतात. मग दोनेक महिन्यांनी दिसायला लागतं. आणि टेपला कधीकधी कळतच नाही. चरबी उतरते, स्नायू भरतो, माप तेच राहतं. आकार मात्र बदलतो."

म्हणजे मी मोजते आहे ते कदाचित चुकीचंच मोजते आहे. पर्याय सुचला नाही. तेच चालू ठेवते.

१० ऑगस्ट, रविवार

मोजमाप राहून गेलं, त्यामुळे संध्याकाळी घेतलं. सकाळच्या मापाशी ताडून पाहता येणार नाही, तशी खूण केली.

विश्वेशची बहीण किशोरीताई ठाण्याला असते. सकाळी तिचा फोन आला. कुडाळला एक शुश्रूषा केंद्र आहे, तिने चौकशी केली आहे. रात्रंदिवस माणूस, रुंद दारं, उंबरठे नाहीत.

फोन ठेवून विश्वेश म्हणाला, "ताई म्हणता ता काय चुकीचा नाय. लक्ष्मी दिवाळीनंतर येवची नाय. तिच्या लेकीचा बाळांतपण आसा. मी सकाळी आठाक कामाक ओरोसाक जातंय. मगे आईक कोण उचलतला?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तुका जमणा नाय, चारुता."

त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, ते मला कळत नाही. आत आई जाग्या होत्या. खोकल्या.

३० ऑगस्ट

गणपती झाले. दीड दिवसाचे. यंदा आईंना खाटेसकट ओटीच्या दारापर्यंत सरकवलं, तिथूनच त्यांनी हात जोडले. किशोरीताई आली होती. जाताना मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"चारुता, मी तुझ्यावर ठपका ठेवत नाही हं. पण त्या दिवशी घरात तुम्ही दोघीच होता. पुन्हा तसं झालं तर? तिचं हाड आता कुठे जुळलंय."

"खरं आहे," मी म्हटलं.

"नक्की कशी घसरली गं ती?"

"उंबरठा ओला होता."

तो ओला होता हे खरं आहे. उंबरठ्यावर रोज हळद-कुंकवाची बोटं ओढायचा नेम आईंचा होता. झटका आल्यापासून तो मी करते. त्या दिवशी पालखी येणार म्हणून पाण्याने पुसून घेतला होता आणि बोटंही जास्त ओढली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

तेरा आठवडे. मांडी ५१.४ आणि ५१.३. पोटरी ३४.०, ३३.९. वजन ५८.०. उजव्या-डाव्यातला फरक जवळजवळ गेला आहे. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला पाय ताठ केला की थेंबासारखा एक फुगवटा दिसतो. पूर्वी तिथे सपाट होतं. आंघोळीच्या वेळी थोडा वेळ पाहत राहिले. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा वाटला. आवडला की नाही ते ठरवता आलं नाही.

दुपारी आई म्हणाल्या, "तुजे पाय बदालले गो."

मी सलवारीत होते. "कुठून कळलं?"

"माका हयसून सगळ्यांचे पायच दिसतत. लक्ष्मी खरवडत चलता. विश्वेश टाचेर जोर दिता, बापाशीसारखो. तू आधी पायरी उतरताना भिंतीक हात लावी होतंस. आता लावणस नाय." थोड्या वेळाने, "खंय जातंस संध्याकाळची?"

"व्यायामाला."

"कित्याक?"

"थायरॉईड आहे ना, आई."

"थायरॉईड पायात आसता काय?"

मी भात लावायला उठले.

५ ऑक्टोबर, रविवार

एका मुलाच्या वहीत काल खोडरबराची खूण सापडली. निरीक्षण उत्तराशी जुळावं म्हणून त्याने आकडा बदलला होता. मी त्याला नेहमीचं बोलले. त्याने मान खाली घातली. आज ही वही उघडली आणि पहिल्या पानावरची नोंद वाचली.

'उंबरठ्यात घसरल्या.'

त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : माझ्या हातून पडल्या.

पूर्ण नोंद करते. पालखीचे ढोल खालच्या आळीत ऐकू येत होते. विश्वेश देवळाकडे गेला होता. आईंना अंगणात खुर्चीवर बसवायचं होतं, म्हणजे पालखी दारात आली की ओटी भरता आली असती. मी त्यांना समोरून धरलं, काखेत हात घालून. उंबरठ्यापर्यंत बरोबर आणलं. मी बाहेर उतरून उभी होते, त्या आत. उंबरठा एकवीस सेंटिमीटर उंच आहे, हे मी नंतर मोजलं. त्यांना उचलून बाहेर घेताना सगळं वजन एकाएकी माझ्या उजव्या बाजूला आलं. माझे गुडघे वाकले. मांड्या थरथरल्या आणि सुटल्या. मी खाली बसले आणि त्या माझ्या अंगावरून बाजूला, उंबरठ्याच्या कडेवर पडल्या. आवाज आला. काठी मोडल्यासारखा नव्हता. ओलं लाकूड मोडतं तसा.

माणसं आली तेव्हा मी म्हटलं, "घसरल्या." आईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्याही म्हणाल्या, "घसारलंय."

का म्हणाल्या ते मी विचारलेलं नाही. दहा महिने झाले. त्या माझा हात का लागू देत नाहीत, ते मात्र मला विचारावं लागत नाही.

नोंद केली. हलकं वाटेल असं ऐकलं होतं. वाटलं नाही.

२३ ऑक्टोबर

किशोरीताई भाऊबीजेला आली. ठरलं. सोळा नोव्हेंबरला रविवार आहे, ती सकाळच्या गाडीने कुडाळला उतरेल, तिथूनच मोठी गाडी करून येईल. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा." रात्री जेवल्या नाहीत. सकाळी पेज घेतली.

२ नोव्हेंबर, रविवार

मांडी ५१.९, ५१.८. पोटरी ३४.२ आणि ३४.१. वजन ५८.१. म्हणजे आता स्नायू खरंच भरतो आहे. सुशीला म्हणते माझी पोटरी मागून उलट्या ठेवलेल्या बाटलीसारखी दिसते. हे तिने कौतुकाने म्हटलं.

शुक्रवारी जमिनीवरून पन्नास किलो उचलले होते. आई सेहेचाळीस किलोच्या आहेत. नम्रताला विचारलं, "सेहेचाळीस किलोचं माणूस उचलून एकवीस सेंटिमीटरची पायरी ओलांडायची असेल तर?"

तिने मला न्याहाळलं. "माणूस म्हणजे बार नव्हे, मॅडम. बार हलत नाही. सुशीलाकाकी, इकडे या."

"माका उचलतलात? एकसष्ट किलो आसय हां मी!"

"उचलून खांद्यावर नाही घ्यायचं. त्यांचं अंग आपल्या अंगाला चिकटवायचं. कमरेला पंचा बांधा, तो धरा. पाठ सरळ. पाय एक पुढे, एक मागे. जोर मांडीतून."

सुशीलाने पदर खोचला. "म्हावऱ्याची पाटी समजान उचल. खाली टाकलंस तर मांजरा येतली."

उचललं. पायरीपर्यंत नीट नेलं. तेवढ्यात सुशीलाला हसू आलं आणि तिने एक पाय वर घेतला. मी पार उजवीकडे कलंडले. नम्रताने मागून धरलं.

"बघितलंत? उचललेल्या माणसाने एक पाय जमिनीवरून घेतला की सगळं वजन सरकतं. आपली चूक नसते. पण आपण तयार असायचं. पाय रुंद ठेवायचे, मग सरकलं तरी मांडी धरते."

पुढे बारा वेळा सुशीला मुद्दाम कधीही पाय उचलत राहिली. अकरा वेळा मी उभी राहिले.

सरकणाऱ्या वजनाची सवय होते, असं निरीक्षण लिहून ठेवते. हे उपयोगाचं नाही, कारण आई सोळाला जाणार आहेत आणि विश्वेशने प्लॅस्टिकची खुर्ची काढून ठेवली आहे. तो आणि ड्रायव्हर मिळून उचलतील.

१५ नोव्हेंबर

आईंची पिशवी भरली. चार लुगडी, तेलाची बाटली, औषधं, देवीचा छोटा फोटो. त्यांनी पिशवीत हात घालून फोटो परत बाहेर काढला. मी पुन्हा आत ठेवला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मोजमाप घेतलं नाही. उंबरठ्यावर बोटं ओढली.

साडेदहाला गाडी आली. किशोरीताई आत येऊन आईंच्या गळ्यात पडली आणि रडली. विश्वेश खुर्ची घेऊन आला. ड्रायव्हर चपला काढून दारात उभा.

आई म्हणाल्या, "खुर्ची नको."

"आई, चार पावलांचो प्रश्न आसा," विश्वेश म्हणाला.

"माका म्हायत आसा कितके पावला. पन्नास वर्सां झाडलंय. मागच्या वक्ताक चादरीत घालून भायर काढल्यात तेव्हा माका शुद्ध नव्हती. आता आसा. उचलून भायर न्हेतत ता शेवटच्या वक्ताक. मी माज्या पायान जातलंय."

"अगं पण कशी जाणार?" किशोरीताई म्हणाली. "उभी तरी राहवेल का?"

"चारुता धरतली."

विश्वेशने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई म्हणाली, "नको हं. चारुता, तू नाही म्हण." मला तसं म्हणता आलं असतं. मी दोरीवरचा पंचा काढला.

आईंच्या कमरेला तो बांधला. त्यांनी दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. अकरा महिन्यांनी. तेलाचा आणि औषधाचा वास आला. उठवलं. डावा पाय ओढत, उजवा टेकवत, पंधरा पावलं. मी मोजली. उंबरठ्याशी मी बाहेर उतरले, पाय रुंद केले, एक पुढे एक मागे. त्यांचं अंग माझ्या अंगाला चिकटवलं आणि उचललं.

त्यांनी उजवा पाय एकदम वर घेतला. गुडघ्यातून, मुद्दाम, उंच. सगळं वजन माझ्या उजव्या बाजूला आलं. तेच. तसंच.

मांडी थरथरली नाही. उभी राहिले. त्यांचा पाय उंबरठ्यावरून, हळद-कुंकवाला न लागता, बाहेर आला आणि अंगणात टेकला. मग डावा मी हाताने उचलून घेतला.

तुळशीशेजारच्या बाकावर बसवलं. विश्वेश भिंतीला टेकून उभा होता, खुर्ची अजून हातात.

आईंना धाप लागली होती. ती ओसरल्यावर त्या माझ्या कानाशी हळू म्हणाल्या, "त्या दिवशीपण असोच उचललंय."

"काय?"

"पाय. तू बोटां ओढलेलंस, ओला होता. देव दारात येतलो आणि माजो पाय उंबऱ्याक लागात म्हणान उचललंय. तुका सांगूक नाय. तुजो तोल माज्यामुळे गेलो."

मी विचारलं, "मगे सांगलात कित्या नाय, आई?"

"तू गप रवलंस. माका वाटला तुका म्हायत आसा, माज्यासाठी गप रवलंस."

"आणि माझा हात?"

"परत पाय उचललंय असतंय तर? सवय ती. परत पडलंय असतंय, आणि सगळे तुका बोलले असते. म्हणान तुका हात लावक दिलंय नाय." मग त्यांनी माझ्या पोटरीवर हात ठेवला, सलवारीवरूनच, आणि बाजारात भोपळा दाबून पाहावा तशी दाबून पाहिली. "माजी अशीच होती."

ताई पिशवी घेऊन आली. "आई, गाडी थांबलीय."

"थांबांदे. तेका चाय दी."

ड्रायव्हरला चहा दिला. आई अर्धा तास उन्हात बसल्या. नारळाकडे, रस्त्याकडे, शेजारच्या कौलांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आता भितर घे. ऊन लागता."

"अगं आई, कुडाळला," ताई म्हणाली.

"मी भायर इलंय. माज्या पायान. आता माज्या पायान भितर जातंय. कुडाळाक उंबरो नाय म्हणतस, मगे मी खंयसून भितर जाव?"

ताईने विश्वेशकडे पाहिलं. विश्वेशने खुर्ची भिंतीशी ठेवली आणि ड्रायव्हरशी बोलायला गेला.

आत नेताना त्यांनी पुन्हा पाय उचलला. मी तयार होते.

ताई संध्याकाळच्या गाडीने गेली. "महिनाभर बघू," म्हणाली. विश्वेश तिला सोडून आला आणि म्हणाला, "सकाळी आठाच्या आधी मी, संध्याकाळी तू. दुपारचा बघूया." जेवताना त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मला काय वाटलं ते लिहायला बसले. अजून कळलेलं नाही. मांड्या दुखतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांडी ५२.०, ५१.९. पोटरी ३४.२, ३४.२.

पंधरा जूनची नोंद पुन्हा काढली. 'घसरल्या' वर रेघ आहे. शेजारी 'माझ्या हातून पडल्या'. आईंचं म्हणणं धरलं तर तीही नोंद चूक, तिच्यावरही रेघ हवी. पण माझे गुडघे वाकले होते, हे मला स्वच्छ आठवतं. त्यांनी पाय उचलला आणि मी धरू शकले नाही, दोन्ही एकाच क्षणी. पाच मिनिटं पेन हातात धरून बसले. दुसरी रेघ मारली नाही. निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवला आहे.

आईंनी खाटेवरून विचारलं, "वही घेवन काय करतंस?"

"माप लिहिते."

"तुजाच लिवतलंस? माजा कोण लिवतला?"

आठवडाभर त्या खाटेवर बसून उजवा पाय दहा वेळा, डावा चार वेळा उचलतात. नम्रताने सांगितलेलं मी त्यांना शिकवलं. डावा जेमतेम बोटभर वर येतो. चौथ्या वेळी त्या मला शिवी देतात.

डाव्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकात माझे आकडे, एकात त्यांचे. टेप लावली. त्यांनी मान उचलून पाहिलं.

"कितकी?"

उजवी २४.९. डावी २४.६. जुलैत २४.५ होती. एक मिलिमीटर. एवढा फरक टेपच्या चुकीत बसतो. तरी लिहिला.